आधी आजींची काठी, मग तंबू

हिवाळा सुरू झाला की घरोघरी एक बेत शिजू लागतो. शनिवार-रविवारला जोडून सुटी आली आहे, मुलांच्या सहामाही परीक्षा संपल्या आहेत, चला, कोठेतरी तलावाकाठी तंबूत दोन रात्री राहून येऊ. भंडारदरा, पवना, माळशेज अशी नावे निघतात. सामानाची यादी होते. आणि गाडीची डिकी उघडून पाहिल्यावर घरातील सर्वांत मोठी व्यक्ती हळूच म्हणते, "तुम्ही जाऊन या. मी घर सांभाळते."

हे वाक्य आपण फार सहज स्वीकारतो. पुष्कळदा त्यामागे प्रकृतीचे खरे कारण नसते. वॉकर कोठे ठेवणार, कमोडची खुर्ची कोठे मावणार, आपल्यामुळे मुलांची अडचण होणार, असा संकोच असतो. म्हणजे एका माणसाचे जाणे किंवा न जाणे डिकीतील जागेवर ठरते. म्हणूनच सामान लावण्याचा हा विषय आरोग्य-पाक्षिकात घ्यावासा वाटला. ज्येष्ठांसाठी मोकळी हवा, नातवंडांचा सहवास आणि बदललेला दिनक्रम या गोष्टी मोलाच्या आहेत. थोडा विचार आणि थोडी शिस्त असेल तर लहान गाडीतूनही त्या साध्य होतात.

डिकी किती मोठी, हे लिटरवर ठरत नाही

गाडीच्या माहितीपत्रकात डिकीचे आकारमान लिटरमध्ये दिलेले असते. ऑल्टो के-१० ची डिकी २१४ लिटरची, तर वॅगन आरची ३४१ लिटरची. हे आकडे गाड्यांची तुलना करण्यापुरते ठीक आहेत. पण घडी घातलेला वॉकर आत जाईल की नाही, हे ते सांगत नाहीत. त्यासाठी शिंप्याची फीत घेऊन चार मापे घ्यावीत: तळाची लांबी, चाकांच्या फुगवट्यांमधील रुंदी, तळापासून झाकणापर्यंतची उंची आणि डिकीच्या तोंडाची रुंदी. पुष्कळ गाड्यांची डिकी आतून ऐसपैस असते, पण तोंड अरुंद असते. पाचवे माप तिरके घ्यावे, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. घडीची हातांची खुर्ची मिटल्यावर साधारण नव्वद सेंटिमीटर ते एक मीटर लांब होते. ती सरळ मावत नाही. तिरकी मात्र अनेकदा मावते.

सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत प्रश्न अधिक बिकट होतो. सुमारे साठ लिटरची टाकी आडवी बसवली की डिकीत उरते ती टाकीभोवतीची आणि टाकीवरची फट. हल्ली काही गाड्यांत हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवलेला दिसतो. टाटा मोटर्सने २०२३ मध्ये अल्ट्रोझमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या तळाखाली बसवल्या, त्यामुळे वरची जागा बरीच मोकळी राहिली. पण आपल्या दारातील गाडी जुन्या पद्धतीची असेल, तर तिच्यातूनच मार्ग काढायचा आहे.

येथे परदेशांतील छत उघडणाऱ्या मोटारींचे उदाहरण उपयोगी पडते. या गाड्यांचे छत मिटून डिकीकडे जाते. मिनी कन्व्हर्टिबलची डिकी छत बंद असताना २१५ लिटरची असते; छत उघडले की १६० लिटर उरतात. मालकाला निवड करावी लागते, डोक्यावर आकाश हवे की मागे सामान हवे. अशा गाडीतून तंबू घेऊन कुटुंबासह निघणारे लोक एक गोष्ट कटाक्षाने पाळतात. ते कडक पेट्या नेत नाहीत. सगळे सामान लहान-लहान मऊ पिशव्यांत भरतात आणि त्या पिशव्या वाकड्यातिकड्या फटींत बसवतात. सीएनजीच्या टाकीभोवतालच्या जागेलाही हाच नियम लागू आहे. एका मोठ्या सुटकेसपेक्षा चार कापडी पिशव्या बऱ्या. आपल्या पिढीतील वाचकांना वळकटी आणि होल्डॉल आठवत असतील. अंथरूण गुंडाळून पट्ट्याने आवळून बांधण्याची ती जुनी रीत आजच्या लहान डिकीला फार सोयीची आहे.

यादी उलट्या टोकाने करा

आपण यादी करतो तेव्हा सुरुवात तंबू, चूल, भांडी, गाद्या अशी होते आणि ज्येष्ठांच्या वस्तू शेवटी, उरलेल्या जागेत कोंबल्या जातात. हा क्रम उलटा करावा. कागदाच्या डोक्यावर आधी त्याच वस्तू लिहाव्यात ज्या दुसरीकडे कोठेही मिळणार नाहीत: आजोबांची काठी, आजींचा वॉकर, कमोडची खुर्ची, रात्री लघवीसाठी लागणारे भांडे, पाठीला टेकण्याची ठरावीक उशी, कवळीची डबी, श्रवणयंत्राचे सेल, जादा चष्मा. त्या डिकीत बसल्या की मग तंबूचा विचार.

कारण तंबू मिळतो. पवनेच्या काठी आणि भंडारदऱ्याच्या आर्थर सरोवराभोवती स्थानिक मंडळी तंबू, गाद्या आणि जेवण यांची सोय करतात. चौघांचा घुमटाकार तंबू बांधला की साधारण दोन फूट लांबीची वळकटी होते आणि वजन चार-सहा किलो भरते. त्याशिवाय चटया, भांडी, शेगडी. हे सगळे जागेवर मिळणार असेल तर डिकीचा निम्म्याहून अधिक भार कमी होतो. चार पैसे जास्त पडतात, पण त्या पैशांत आजी बरोबर येतात, हा हिशोबही मांडावा.

जागा ठरवताना फोनवर तीन प्रश्न अवश्य विचारावेत. तंबूत उभे राहता येते का? लहान तंबूत रांगत शिरावे लागते आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला ते शक्य नसते. झोपण्यासाठी खाट आहे का? जमिनीवरच्या गादीवरून उठणे हे ज्येष्ठांसाठी दिवसातील सर्वांत अवघड काम असते. स्वच्छतागृह तंबूपासून किती पावलांवर आहे आणि तेथे बसण्याची उंच सोय आहे का? यांपैकी खाट नसेल तर घडीची खाट आपल्या यादीत येते, कमोड नसेल तर खुर्ची येते. उभे राहण्याजोगा तंबू नसेल तर ज्येष्ठांसाठी एक पक्की खोली घ्यावी आणि बाकीच्यांनी अंगणात तंबू ठोकावा. त्यात कमीपणा काहीच नाही. शेकोटी सर्वांची एकच असते.

डिकीत काय कधीच ठेवू नये

औषधे. हा नियम अपवादाविना पाळावा. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतील तापमान ५० अंशांपर्यंत सहज चढू शकते. इन्सुलिनच्या न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायच्या असतात. वापरात असलेली कुपी किंवा पेन साधारणतः २५ ते ३० अंशांखाली सुमारे चार आठवडे टिकते. नेमकी मुदत वेष्टणावर पाहावी. उष्णतेने इन्सुलिनचा गुण जातो आणि गोठल्यानेही जातो. म्हणून ते बर्फाला टेकू देऊ नये. ओल्या कापडी पिशवीत किंवा थर्मासमध्ये, बर्फाची पिशवी टॉवेलात गुंडाळून आणि इन्सुलिन तिच्यापासून वेगळे ठेवून न्यावे.

औषधांच्या दोन पिशव्या कराव्यात. एक रोजच्या गोळ्यांची, ती ज्येष्ठांच्या किंवा शुश्रूषा करणाऱ्याच्या हाताशी, गाडीच्या बैठकीत. दुसरी दोन दिवसांच्या जादा गोळ्यांची, घरातील दुसऱ्या माणसाच्या बॅगेत. एक पिशवी हरवली तरी अडत नाही. छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवण्याची गोळी आणि दम्याचा पंप मात्र पिशवीतही ठेवू नये. ते खिशातच हवे. डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत दोन्ही पिशव्यांत असावी.

दुसरी न ठेवण्याची वस्तू म्हणजे गॅसची डबी. सहलीच्या लहान शेगडीच्या डबीवर ५० अंशांपेक्षा अधिक उष्णतेपासून दूर ठेवण्याची सूचना छापलेली असते, आणि उन्हातील डिकी तेथवर पोहोचू शकते. सीएनजीच्या गाडीत तर ही जोखीम घेण्याचे कारणच नाही. स्वयंपाक जागेवर होऊ द्यावा. आपण दशम्या, चटणी, भाजलेले शेंगदाणे आणि थर्मासभर गरम पाणी न्यावे. टाकीच्या तोंडाशी असलेल्या झडपेवर आणि नळीवर कोणतीही वस्तू टेकू देऊ नये, टाकीला दोरीने काही बांधूही नये.

आधी लागणारे शेवटी ठेवा

डिकी भरण्याचे शास्त्र दोन वाक्यांत सांगता येते. जड वस्तू तळाशी आणि मागच्या आसनाच्या पाठीला चिकटून. हलक्या वस्तू वर आणि तोंडाशी. आणि जी वस्तू पोहोचताच लागणार ती सर्वांत शेवटी आत जावी, म्हणजे सर्वांत आधी बाहेर येईल.

मुक्कामी पोहोचल्यावर काय घडते ते डोळ्यांपुढे आणावे. चार-पाच तास बसून अंग आखडलेल्या आजी गाडीतून उतरतात. त्यांना प्रथम वॉकर लागतो, मग स्वच्छतागृह, मग सावलीत बसायला खुर्ची. बाकीचे सामान नंतर. तेव्हा डिकीच्या तोंडाशी वॉकर, कमोडची खुर्ची आणि घडीची खुर्ची हवी. नाहीतर सगळे सामान मातीवर उतरेपर्यंत त्या गाडीला टेकून उभ्या राहतात. बसायची खुर्ची निवडताना बैठकीची उंची साधारण ४५ सेंटिमीटर आणि हात मजबूत असावेत. सहलीच्या खोलगट, झोळीसारख्या खुर्च्या तरुणांना आवडतात. गुडघे दुखणाऱ्याला मात्र त्यांतून उठता येत नाही.

हीच खुर्ची वाटेतही लागते. सीएनजी भरताना सर्व प्रवाशांना खाली उतरावे लागते आणि सुटीच्या दिवशी रांगा लांब असतात. म्हणून गॅस आदल्या संध्याकाळी, ज्येष्ठ घरी असतानाच भरून आणावा. वाटेत भरण्याची वेळ आलीच तर खुर्ची हाताशी असावी.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी. पुष्कळ गाड्यांत स्टेपनी, जॅक आणि पाना डिकीच्या तळाखाली असतात. चाक पंक्चर झाले तर भरलेली डिकी रस्त्यावर रिकामी करावी लागते. जॅक आणि पाना आधीच काढून पुढच्या आसनाखाली नीट अडकवून ठेवावेत. स्टेपनीसकट सर्व चाकांची हवा भरलेल्या गाडीसाठी सांगितलेल्या मापाने भरावी. हे माप बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर असते.

पायांखालची जागा सामानाची नाही

डिकी भरली की उरलेल्या पिशव्या मागच्या आसनापुढे, ज्येष्ठांच्या पायांशी जातात. दिसायला ही गोष्ट लहान, पण आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. पाय हलवायला जागा नसेल तर रक्त पायांत साचते, घोटे सुजतात आणि शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. चार तास किंवा त्याहून अधिक काळ बसून केलेल्या प्रवासानंतर असा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसून आले. हे विमानाला जसे लागू आहे तसेच मोटारीलाही. एकूण धोका कमी असला तरी वाढते वय, हालचाल कमी असणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया ही त्यात भर घालणारी कारणे आहेत. म्हणून दर दीड-दोन तासांनी थांबावे, पाच मिनिटे चालावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत आणि पाणी पीत राहावे. वाटेत स्वच्छतागृहाची अडचण होईल म्हणून पुष्कळ ज्येष्ठ सकाळपासून पाणी सोडतात. तसे होऊ नये यासाठीच कमोडची खुर्ची बरोबर घ्यायची आहे.

मागच्या काचेलगतच्या फळीवर पाण्याची बाटली, डबा, छत्री असे काहीही ठेवू नये. अचानक ब्रेक लागला की ही वस्तू थेट पुढच्या माणसाच्या मानेवर येते. आसनाचा पट्टा मागे बसणाऱ्यांनाही कायद्याने बंधनकारक आहे. पोटाला लागतो अशी तक्रार असेल तर पट्ट्याचा खालचा भाग पोटावरून काढून ओटीच्या हाडांवर घ्यावा.

उचलणाऱ्याच्या पाठीचाही विचार

ज्येष्ठांची शुश्रूषा करणारी व्यक्ती अनेकदा स्वतःच साठीच्या उंबरठ्यावर असते. घडीची चाकांची खुर्ची पोलादी असेल तर तिचे वजन पंधरा-अठरा किलो भरते आणि ती उचलताना पाठ धरते. पुढील रीत सोपी आहे. प्रथम पाय ठेवण्याच्या पट्ट्या, उशी आणि सुटे होणारे सर्व भाग काढावेत. बैठक वर ओढून खुर्ची मिटवावी, चाकांचे ब्रेक लावावेत. डिकीच्या काठावर जुनी चादर टाकावी. खुर्चीच्या अगदी जवळ उभे राहून, गुडघे वाकवून, आधी तिची एक बाजू काठावर टेकवावी आणि मग दुसरी बाजू उचलून आत सरकवावी. संपूर्ण वजन हवेत तोलायचे नाही आणि उचलताना कंबर वळवायची नाही. पाय वळवावेत.

टाकीमुळे खुर्ची डिकीत जातच नसेल, तर मागच्या आसनाचा एक भाग पुढे दुमडता येतो का ते पाहावे. तसे असेल तर खुर्ची तेथे उभी ठेवून पट्ट्याने बांधता येते. मात्र एक प्रवासी कमी होतो. जास्त वेळ चालवत न नेता थोड्या अंतरापुरतीच खुर्ची लागत असेल तर लहान चाकांची हलकी खुर्ची भाड्याने मिळते का, याची चौकशी करावी.

टपावरचा कॅरिअर हा शेवटचा उपाय. त्यावर फक्त हलक्या वस्तू, ताडपत्रीत गुंडाळून. गाडीच्या पुस्तिकेतील वजनाची मर्यादा पाळावी. ज्येष्ठांच्या वस्तू टपावर कधीही नसाव्यात. भर रस्त्यात वॉकर हवा असेल तर वर कोण चढणार?

एक उदाहरण

समजा, आपण चौघे आहात: आजी, मुलगा, सून आणि नातू. गाडी लहान, सीएनजीची. नाशिकहून किंवा मुंबईहून घोटीमार्गे भंडारदऱ्याला दोन रात्री जायचे आहे. तंबू, गाद्या, जेवण तेथेच ठरवले आहे. प्रवरेवरील हे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. तलावाकाठी बसून महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटरचे कळसूबाई, ज्या डोंगररांगेत आहे ती न्याहाळता येते. हिवाळ्यात रात्री बोचरी थंडी पडते, हे सामानात धरावे.

टाकीच्या दोन्ही बाजूंच्या फटींत लोकरीच्या कपड्यांच्या मऊ पिशव्या. टाकीच्या पुढच्या जागेत कमोडची खुर्ची, तिच्या भांड्यात टॉवेल आणि साबण. टाकीवर पांघरुणांची वळकटी, मागच्या काचेच्या खालपर्यंतच. घडीची खुर्ची तिरकी, तिच्याशेजारी मिटलेला वॉकर. दशम्यांचा डबा आणि थर्मास नातवाच्या पायांशी. त्याचे पाय लहान आहेत, त्याला चालते. औषधांची पिशवी सुनेजवळ. आजींच्या मांडीवर फक्त त्यांची शाल. एवढ्यात सर्व बसते. बसत नसेल तर कमी करायची वस्तू शोधताना क्रिकेटच्या बॅटपासून सुरुवात करावी, वॉकरपासून नव्हे.

निघण्यापूर्वी

• आदल्या दिवशी घरासमोर डिकी भरून पाहावी आणि मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. परतीच्या वेळी तेच पाहून भरता येते.

• घडीची खाट नेणार असाल तर ज्येष्ठांना तिच्यावर घरी एक रात्र झोपवून पाहावे.

• प्रत्येकाची स्वतंत्र विजेरी हवी. तंबूबाहेर पडताना पायांत बंद बूट, हातात उजेड. तंबूची चेन नेहमी बंद.

• मुक्कामाजवळचे रुग्णालय कोठे आहे आणि मोबाइलला संपर्क मिळतो का, हे आधीच विचारावे. रुग्णवाहिकेसाठी १०८, अन्य आपत्तीत ११२.

• अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल, हृदयविकाराचा त्रास वाढला असेल किंवा रक्तदाब, साखर आटोक्यात नसेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये. नकार मिळाला तर बेत पुढे ढकलावा.

शेवटची सूचना सामान लावणाऱ्यांसाठी आहे. ज्येष्ठांची पिशवी त्यांनाच भरू द्यावी. आपल्या दृष्टीने बिनकामाची एखादी वस्तू त्यात निघेल: जपमाळ, पत्त्यांचा जोड, सुपारीची डबी. तिला जागा करावी. जे बरोबर नेले जातात ते सामान म्हणून गेले की माणूस म्हणून, हे अशा लहान गोष्टींवरून त्यांना कळते. आणि वाचक ज्येष्ठहो, आपणांसही एक विनंती. "मी घर सांभाळते" असे म्हणण्यापूर्वी घरच्यांना एकदा डिकी मोजू द्या. घराला कुलूप लावता येते.